घरजिमकर

घरजिमकर हा मुंबईच्या पूर्व उपनगरांत आढळणारा, चाळिशीच्या अलीकडचा-पलीकडचा गृहस्थ. व्यायामाची सर्व साधने घरात असणे हे त्याचे मुख्य लक्षण होय. व्यायाम हे दुय्यम लक्षण असून ते काही घरजिमकरांत आढळते, काहींत आढळत नाही. ट्रेडमिल, बाक, डंबेल्स, रबरी चटया आणि दाराच्या चौकटीतली पुल-अपची दांडी त्याच्याकडे असतेच. पण त्याची खरी ओळख पटते ती भिंतीवरच्या आरशांवरून. बाकीची साधने तो विकत घेतो. आरशांचा तो अभ्यास करतो.

त्याचा दाट आढळ नाहूरला आहे. नाहूर हे मध्य रेल्वेवर भांडुप आणि मुलुंड यांच्या मधले स्थानक. तेथे फक्त धिम्या गाड्या थांबतात. पश्चिमेला लाल बहादूर शास्त्री मार्गावर एके काळी कारखान्यांची रांग होती. त्यातले पुष्कळ कारखाने उठले, जमिनींवर टॉवर आले, आणि गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याच्या आजूबाजूला अडीच बीएचकेची वस्ती वसली. या टॉवरांच्या वरच्या मजल्यांवरून एकीकडे राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आणि दुसरीकडे मिठागरे व ठाण्याची खाडी दिसते. घरजिमकराची ट्रेडमिल मात्र भिंतीकडे तोंड करून उभी असते, कारण प्लग तिकडे आहे. तो नोकरीला बहुधा खाडीपलीकडे ऐरोलीच्या आयटी पार्कात असतो आणि त्याला तिथे जायला लागणारा वेळ हे व्यायाम न होण्याचे अधिकृत कारण असते. ज्या दिवशी तो घरून काम करतो, त्या दिवशी ते कारण बदलते.

टॉवरच्या पोडियमवर सोसायटीची जिम असतेच. तिचा खर्च दरमहा मेन्टेनन्समध्ये वळता होतो. घरजिमकर तेथे एक-दोनदा जाऊन आलेला असतो. त्याच्याच मजल्यावरचा, त्याने बाबागाडीत पाहिलेला मुलगा तेथे भलेमोठे वजन खांद्यावर घेऊन बैठका मारतो आणि झाल्यावर नम्रपणे म्हणतो, “अंकल, तुम्ही घ्या आता. चकत्या काढून देऊ?” घरजिम स्थापन होण्याच्या कारणांत या वाक्याचा वाटा मोठा आहे.

दुसरे कारण ऐतिहासिक. मार्च २०२० मध्ये व्यायामशाळा बंद झाल्या आणि महाराष्ट्रात त्या उघडल्या त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी. मधल्या काळात बाजारात डंबेल्स मिळेनासे झाले आणि वीस लिटर पाण्याच्या जारला वीस किलोचे वजन म्हणून मान्यता मिळाली. जिम उघडल्या तोवर घरजिमकराचे सामान येऊन पडले होते. दसऱ्याला त्याने डंबेल्सना हळदकुंकू लावून झेंडूची फुले वाहिली. पूजेला मांडलेली हत्यारे त्या दिवशी वापरायची नसतात. हा नियम त्याने पुढे वर्षभर पाळला.

आरसा कशाला, या प्रश्नाला त्याचे उत्तर तयार असते: “फॉर्म बघायला.” फॉर्म म्हणजे व्यायाम करतानाची अंगाची ठेवण. बैठकीत गुडघे आत वळतात का, वाकताना पाठीला बाक येतो का, दोन्ही खांदे एका पातळीत राहतात का, हे करणाऱ्याचे त्याला कळत नाही, आणि चुकीच्या ठेवणीत वजन उचलले की कंबर धरते. उत्तर बरोबर आहे. घरजिमकराची उत्तरे बहुधा बरोबरच असतात. त्याची अडचण उत्तरांनंतर सुरू होते.

महाराष्ट्राच्या तालमींनी हा प्रश्न आरशाविना सोडवला होता. कोल्हापूरच्या गंगावेस किंवा मोतीबाग तालमीतला पठ्ठा लाल मातीत उतरतो. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर मुरवलेले असते, समोर मारुती असतो, आणि आरसा असलाच तर भांग पाडण्यापुरता. ठेवण बघायचे काम वस्ताद करतो, आणि चूक दाखवण्याची त्याची पद्धत अशी असते की ती चूक सहसा पुन्हा होत नाही. दादरला शिवाजी पार्कवर १९२५ पासून चालू असलेल्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांबावर उलटे लटकणाऱ्या मुलांना स्वतःचे प्रतिबिंब बघायला सवड नसते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, त्यातही तोंड सूर्याकडे करायचे होते. व्यायामात आरशाला मोठी जागा मिळाली ती शरीरसौष्ठवाबरोबर. ‘मुंबई श्री’च्या मंचावर उभे राहायचे तर स्नायू कमवून भागत नाही, ते दाखवण्याचाही सराव लागतो. वेटलिफ्टिंगचे बरेच प्रशिक्षक आजही आरसा टाळतात. वजन अंगावर असताना आरशात बघायला मान वळली की पाठीची ठेवण बिघडते, आणि ठेवण बघण्यासाठीच तर मान वळवलेली असते.

घरजिमकराला हे सगळे ठाऊक असते. पण वस्ताद पहाटे पाचला उठवतो आणि आरसा बोलत नाही. अमेरिकेत बोलणारा आरसाही निघाला होता: काचेत प्रशिक्षक प्रकट होऊन सूचना देत असे. लुलुलेमॉन या कपड्यांच्या कंपनीने २०२० साली ५० कोटी डॉलर मोजून तो आरसा बनवणारी कंपनी घेतली आणि २०२३ मध्ये त्याची विक्री थांबवली. घरात कोणीतरी सतत सूचना द्याव्यात म्हणून पैसे मोजण्याची गरज नाहूरमध्ये कधी भासली नव्हती.

अभ्यासाचा पहिला विषय उंची. सपाट आरशात पूर्ण शरीर दिसायला शरीराच्या निम्म्या उंचीचा आरसा पुरतो आणि मागे सरकल्याने काही जास्त दिसत नाही, हा नियम शाळेत प्रत्येकाने पाठ केलेला असतो आणि आरसा घेताना कोणालाच आठवत नाही. घरजिमकराला तो आठवतो, हे त्याच्याबद्दल प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. ६६ इंच, म्हणजे साडेपाच फूट उंचीच्या माणसाचे डोळे जमिनीपासून सुमारे ६२ इंचांवर असतात. पावले दिसायला आरशाची खालची कड ३१ इंचांवर हवी आणि डोक्याचा माथा दिसायला वरची कड ६४ इंचांवर. ३३ इंचांत काम झाले. मात्र हा हिशेब हात सोडून स्वस्थ उभ्या असलेल्या माणसाचा आहे; घरजिमकराच्या बऱ्याचशा कार्यकाळाला तो लागू पडतो, पण सगळ्या नाही. वजन डोक्यावर नेले की हात साधारण ८४ इंचांवर पोचतात आणि ते दिसायला वरची कड ७३ इंचांवर न्यावी लागते. जमिनीवरचे वजन धरायला वाकले की डोळे ४० इंचांवर येतात. तेव्हा पावले बघायची तर खालची कड २० इंचांवर हवी.

२० इंचांना आणखी एक आधार आहे. ऑलिंपिक मापाच्या मोठ्या चकतीचा व्यास ४५० मिलिमीटर, म्हणजे पावणेअठरा इंचांच्या आत असतो. ती हातातून सुटून गडगडत गेली तर उघड्या भिंतीला लागावी, काचेला लागू नये. म्हणून आरशाखाली दीड-पावणेदोन फूट भिंत मोकळी सोडतात. अशा रीतीने २० ते ७४ इंच, म्हणजे साडेचार फुटांचा आरसा सर्व दृष्टींनी पुरेसा ठरतो. घरजिमकर हा हिशेब एक्सेलमध्ये मांडतो, घरातल्या प्रत्येकाला भिंतीशी उभे करून उंची घेतो, चारदा पडताळतो, आणि शेवटी आठ फुटांचा आरसा सांगतो. “ग्रँड वाटतं,” एवढेच त्याचे स्पष्टीकरण असते. संपूर्ण अभ्यासातले हे त्याचे एकमेव अशास्त्रीय विधान, आणि निर्णय त्याच्यावरच होतो. त्याच्याकडची सर्वांत मोठी चकती पाच किलोची असल्यामुळे धोका तसा कमी.

दुसरा विषय जाडी. चार मिलिमीटरचा मोठा आरसा भिंतीच्या चढउताराप्रमाणे वाकतो आणि त्यातले चित्र लाटांवर चालते; पाचचा चालतो, सहाचा उत्तम. एक चौरस मीटर काचेचे वजन जाडीच्या दर मिलिमीटरला अडीच किलो, म्हणजे सहा मिलिमीटरला १५ किलो. आठ बाय तीन फुटांचा एक आरसा सुमारे साडेतेहतीस किलोचा आणि तीन मिळून शंभर किलो. त्या खोलीत आजवर उचलले गेलेले सर्वांत मोठे वजन ते हेच, आणि ते कारागिरांनी उचललेले. जाड काचेत लोहाच्या अंशामुळे किंचित हिरवट झाक येते. ती टाळायला कमी लोहाची काच मिळते, पण ती महाग. घरजिमकर पहिल्या आठवड्यात ट्रेडमिलवरून उतरून आरशात बघतो तेव्हा दिसणारा हिरवटपणा सगळाच काचेचा असतो असे नाही.

आरसा एकसंध घ्यावा की तुकड्यांत, हा प्रश्न लिफ्टच सोडवते. नऊ फुटांच्या भिंतीला मग दोन तुकडे घ्यावेत की तीन, यावर घरात चर्चा होते. दोन घेतले तर सांधा बरोबर मध्यावर येतो आणि व्यायामपटू नाकापासून दुभंगतो; तीन घेतले तर तो मधल्या आरशात सबंध मावतो. तिन्हींच्या मध्ये सुतभर फट ठेवतात, म्हणजे कडेला कड घासून टवके उडत नाहीत.

खरेदीसाठी घरजिमकर भांडुप-मुलुंडच्या काचवाल्यांकडे शनिवारी दुपारी जातो. तो मिलिमीटरमध्ये बोलतो. काचवाला इंच आणि सुतात, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तीन आरशांचे माप ऐकून काचवाला आदराने विचारतो, “साहेब, सलून टाकताय का?” मग घरजिमकर त्याला आरसा म्हणजे काय ते समजावतो: जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिख याने १८३५ साली काचेवर चांदीचा थर चढवण्याची रासायनिक रीत शोधली, आजही काचेच्या पाठीवर चांदीच असते, तिच्यावर संरक्षक थर आणि रंग. काचवाला “हां साहेब” म्हणत दुसऱ्या गिऱ्हाइकाची काच कापत असतो. पुढची चर्चा टफन काचेची. अशी काच सहाशेहून अधिक अंशांवर तापवून एकदम गार करतात. ती फुटली तर बारीक खड्यांसारखे तुकडे होतात, पण एकदा तयार झाल्यावर ती कापता येत नाही, आणि तापवण्यात तिचा सपाटपणा थोडा बिघडतो, म्हणून तिच्यातले प्रतिबिंब किंचित हलते. घरच्या जिमला साध्या काचेच्या पाठीवर सेफ्टी फिल्म लावून घेणे हा मधला मार्ग: आरसा फुटला तरी तुकडे फिल्मला चिकटून राहतात. कडांना मशीन पॉलिश करून घ्यायचे, नाहीतर हात कापतो. बिल चौरस फुटावर होते आणि बऱ्याच दुकानांत माप वरच्या तीन किंवा सहा इंचांच्या पटीत धरले जाते, ही गोष्ट एक्सेलच्या तक्त्यात नसते.

घरी परतल्यावर तिसरा विषय सुरू होतो, तो म्हणजे दिशा. आरसा उत्तर किंवा पूर्व भिंतीवर असावा असे वास्तूचे जाणकार सांगतात. अडीच बीएचकेतल्या अर्ध्या खोलीत पूर्वेला खिडकी आणि उत्तरेला जुने लोखंडी कपाट असते, ज्यात हिवाळ्यातल्या रजया आणि सासूबाईंची पैठणी असल्यामुळे ते हलत नाही. उरते दक्षिण. “अरे, दक्षिणेला आरसा? कोणी लावतं का?” असे आई विचारते. “अहो, त्यापेक्षा कपाटाला आरसा आहे तो वापरा की,” असे पत्नी सुचवते. हा त्या संपूर्ण काळातला सर्वांत कमी खर्चाचा प्रस्ताव असतो आणि त्याकडे कोणी लक्ष देत नाही. शेवटी दूरच्या नात्यातल्या एका काकांना फोन लावला जातो. ते उतारा सांगतात: दक्षिणेचे आरसे राहू द्यात, समोर उत्तरेलाही एक छोटा लावा. कपाटाचा आरसा तेवढ्याकरता पुसून घेतला जातो. या उताऱ्याचे परिणाम पुढे दिसतात.

सोसायटीची परवानगी हा स्वतंत्र टप्पा. नव्या टॉवरांत ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती असतात आणि त्या इमारतीचा भार वाहतात. त्यामुळे छिद्र पाडायचे म्हटले की सचिव अर्ज मागतात. ड्रिलिंगला दुपारची झोप वगळून वेळ नेमून दिलेली असते आणि रविवारी पूर्ण बंदी. घरजिमकर मोकळा असतो तो नेमका रविवारीच. त्यामुळे आरसे बसतात ते तो ऑफिसात असताना, आणि कारागिरांना सूचना जातात त्या व्हिडिओ कॉलवरून.

आरसे येतात छोट्या हत्तीतून. काच नेहमी उभी न्यायची असते; आडवी ठेवली तर स्वतःच्या वजनाने आणि खड्ड्यांच्या धक्क्याने तडकते. त्यामुळे टेम्पोत तिरक्या लाकडी चौकटीला टेकून तीन आरसे उभे राहतात आणि लाल बहादूर शास्त्री मार्गावरच्या कोंडीत मागचे सगळे रिक्षावाले त्यांत केस ठीक करून घेतात. वापराच्या तासांचा विचार केला तर आरशांचा तो सुगीचा काळ. आठ फुटी काच लिफ्टमध्ये शिरत नाही हे तळमजल्यावर कळते. एक्सेलमध्ये लिफ्टची रुंदी असते, उंची नसते. मग चौदा-पंधरा मजले जिन्याने. प्रत्येक वळणावर एक कारागीर वर, एक खाली, मध्ये काच. बैठक, उचल, श्वास रोखणे, सोडणे, सगळे बिनचूक. फॉर्म कसा असावा याचे यापेक्षा चांगले प्रात्यक्षिक त्या इमारतीत होत नाही, पण घरजिमकर ते पाहत नाही. तो ऐरोलीत असतो.

भिंतीपाशी खरे काम सुरू होते. कारागीर ओळंबा सोडतो, पाणसळ लावतो, कोपऱ्याला गुण्या धरून बघतो. नव्या टॉवरची भिंत दिसायला गुळगुळीत असते, कारण तिच्यावर जिप्समचा हात फिरलेला असतो. आत ती कुठे आलेली, कुठे गेलेली असते. “भिंतीला पोट आहे,” कारागीर मोठ्याने जाहीर करतो, आणि व्हिडिओ कॉलवरच्या गृहस्थासह घरातले सगळे जण काही क्षण दुसरीकडे बघतात. “चालतं हो, चाळिशीनंतर येतंच,” असे शेजारच्या आजोबांनी म्हटल्याच्याही नोंदी आहेत. आजोबा बघायला आलेले असतात.

पोटावर इलाज दोन. एक म्हणजे भिंतीवर १२ मिलिमीटरचे मरीन प्लाय मारायचे, त्याच्यामागे पाचरी ठोकून ते ओळंब्यात आणायचे आणि मग आरसा प्लायवर. दुसरा म्हणजे काहीच न करणे. प्लायचे पैसे वाचवणाऱ्या घरजिमकरांच्या आरशांत प्रकाशशास्त्र स्वतःचे काम करते. भिंतीचा फुगवटा डावीकडून उजवीकडे असेल तर आरसा त्या दिशेने बहिर्वक्र होतो आणि माणूस बारीक दिसतो. तो वरून खाली असेल तर माणूस बुटका दिसतो, आणि बुटका म्हणजे अर्थातच जाडा. तीन आरशांपैकी एक असा निघतो की ज्यात वजन पाच-सहा किलोंनी कमी वाटते. घरजिमकर हळूहळू त्याच आरशासमोर उभा राहू लागतो. ट्रेडमिल सरकते, चटई सरकते. कारागिराने नंतर फोन करून “साहेब, तो एक वाकलाय, बदलून देतो” म्हटले तर त्याला नम्र नकार मिळतो.

चिकटवण्याचा विषय या अभ्यासाचा कळस म्हणावा असा आहे आणि येथे घरजिमकराचे ज्ञान खरोखर उपयोगी पडते. सर्वसाधारण सिलिकॉन सुकताना त्यातून ॲसेटिक आम्ल सुटते. व्हिनेगरसारखा आंबट वास येतो तो त्याचाच. हे आम्ल आरशाच्या पाठीवरचा रंग भेदून चांदीपर्यंत पोचते आणि काही महिन्यांत समोरून काळे डाग दिसू लागतात. आरशाला न्यूट्रल क्युअर सिलिकॉन वापरावे, ते थोडे महाग पडते. ते उभ्या रेघांत लावावे, म्हणजे मागे शिरलेली ओल खाली निथळते. गोल वर्तुळ काढले तर हवा आणि पाणी आत कोंडते. वजन केवळ सिलिकॉनवर सोडू नये. खाली ॲल्युमिनियमची जे-आकाराची पट्टी स्क्रूने घट्ट बसवून आरसा तिच्यावर उभा करावा, वर क्लिपा द्याव्यात आणि सिलिकॉन धरेपर्यंत पूर्ण दिवसभर टेकू ठेवावा. दुहेरी टेप आरसा जागेवर धरायला ठीक, कायमचा भार सोसायला नव्हे. हे सर्व घरजिमकर कारागिराला लिहून देतो. कारागीर कागद खिशात ठेवतो आणि बरोबर तसेच करतो, कारण त्याला ते आधीपासून येत असते.

आरसे बसतात. पहिल्या संध्याकाळी घरजिमकर नवी बनियन घालून खोलीत जातो आणि उताऱ्याचा परिणाम त्याच्या लक्षात येतो. समोर आरसा, मागे कपाटाचा आरसा. सलूनच्या खुर्चीत असते तशी अनंत रांग लागते. चांदीच्या प्रत्येक उसळीत थोडा प्रकाश हरवत असल्यामुळे मागचे मागचे घरजिमकर अंधुक होत जातात, पण दहा-बारा तरी स्पष्ट मोजता येतात. सगळ्यांच्या हातात अडीच किलोचे डंबेल असते आणि सगळे एकमेकांची वाट बघत असतात. घाम आल्यावर चष्मा काढला की आणखी एक गोष्ट कळते: आरशातले प्रतिबिंब आरशाच्या जेवढे आपण पुढे तेवढेच मागे असते. पाच फुटांवर उभ्या माणसाचे प्रतिबिंब त्याच्यापासून दहा फुटांवर असते. लहान दवाखान्यात डोळे तपासताना अक्षरांचा तक्ता आरशातून दाखवतात तो याच कारणाने. उणे तीन नंबरच्या घरजिमकराला दहा फुटांवर चष्म्याविना स्वतःचा फॉर्म दिसत नाही; समोर एक सुदृढ, पुसट, आश्वासक आकृती दिसते. अनेकांना ती इतकी पसंत पडते की चष्मा पुन्हा लावला जात नाही.

मग प्रकाशयोजना. उजेड माणसावर पडावा, आरशावर नव्हे. आरशावर मारलेला दिवा डोळ्यांत येतो. समोरून आलेल्या उजेडात अंग सपाट दिसते, थेट वरून आलेल्या उजेडात प्रत्येक उंचवट्याखाली सावली पडते आणि स्नायू कोरल्यासारखे वाटतात. हे शोधल्यावर घरजिमकर छतात दोन स्पॉटलाइट बसवून घेतो. त्या उजेडात पोटाखालीही सावली पडते, ती मात्र स्नायूची नसते. इलेक्ट्रिशियनला दिवे जरा पुढे घ्यायला पुन्हा बोलावले जाते. मापे, दिवे, कोन यांत एकूण तीनेक महिने जातात. त्या महिन्यांत घरजिमकराला कोणी विचारले की व्यायाम कसा चालला आहे, तर तो “सेटअप चालू आहे” असे सांगतो आणि ते खरे असते.

खोलीचा वापर मात्र पहिल्या दिवसापासून भरपूर होतो. पत्नीला निऱ्या मागून-पुढून बघता येतात. लग्नसराईत शेजारणीही तेथेच साडी नेसायला येतात. मुलीच्या शाळेच्या गॅदरिंगचा नाच आख्ख्या गटासह तेथेच बसतो, आणि त्या मुली जो फॉर्म तपासतात तो पाहिला की आरशाचा खर्च वसूल झाला असे म्हणायला हरकत नाही. मुलगा रील काढतो. आई खुर्ची टाकून बसते आणि आरशातून हॉलमधला टीव्ही बघते. मालिकांना डावे-उजवे उलट झाल्याने फरक पडत नाही, असा तिचा अनुभव आहे. घरजिमकर मोबाइलवर आरशांच्या फोटोंना आलेले अभिप्राय वाचतो.

भाद्रपदात अडचण येते. उजेड चांगला म्हणून गणपती त्याच खोलीत बसवायचे ठरते. पण गणपतीची पाठ बघू नये असे घराघरांत मानतात आणि मखरामागे आरसा म्हणजे आरतीला उभ्या प्रत्येकाला पाठ दिसणार. तेव्हा तिन्ही आरशांवर चादरी सोडल्या जातात. विसर्जनानंतर त्या काढायच्या असतात. काही घरांत त्या दिवाळीपर्यंत राहतात आणि तरीही व्यायामाच्या वेळापत्रकात फरक पडत नाही.

पावसाळा हा आरशांचा शत्रू. नैऋत्येकडून येणारा पाऊस दक्षिण आणि पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतींवर झोडपतो, ओल आत झिरपते आणि आरशाच्या कडांना काळी झालर धरते. चांदी गेली की ती परत येत नाही. ओल्या भिंतीवर आरसा लावू नये, कडा बंद करून घ्याव्यात, आणि पुसताना अमोनियाचे द्रावण थेट काचेवर न फवारता फडक्यावर घ्यावे, कारण ओघळ खालच्या पट्टीत साचतो आणि तेथूनच सडायला सुरुवात होते. रोजच्या पुसण्याचे काम मावशींकडे असते. खोलीतल्या माणसांत आठ फुटांपर्यंत नियमित हात वर करणाऱ्या त्या एकट्याच.

सामान कालांतराने जाते: ट्रेडमिल अर्ध्या किमतीत, बाक भाच्याला. आरसे जात नाहीत. सिलिकॉनने धरलेला आरसा सबंध निघत नाही. मागून बारीक तार करवतीसारखी ओढून काढायचा प्रयत्न केला तर प्लायचा पापुद्रा येतो किंवा काच तडकते. म्हणून फ्लॅट भाड्याने दिला तरी ते भिंतीवर राहतात आणि अकरा महिन्यांच्या करारनाम्याच्या परिशिष्टात ‘पंखे ४, गीझर २, भिंतीवरील आरसे ३ (पैकी १ वाकलेला)’ अशी त्यांची नोंद होते. पुल-अपची दांडीही त्याच यादीत असते, कपडे वाळत घालण्याची दांडी म्हणून.